ग्वांगजूचे वाघ : एका कोरियन बेसबॉल संघाची चार दशके

दक्षिण कोरियाच्या नैऋत्येस वसलेल्या ग्वांगजू शहराचा ‘किआ टायगर्स’ हा संघ त्या देशातील व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासात सर्वाधिक विजेतेपदे मिळवणारा संघ आहे. १९८२ साली सुरू झालेल्या कोरियन लीगची अंतिम मालिका त्याने २०२४ पर्यंत बारा वेळा गाठली आणि बाराही वेळा जिंकली. मात्र या संघाविषयी त्याच्या प्रांतातील माणसांना जी आत्मीयता वाटते, तिचा उलगडा केवळ या आकड्यांनी होत नाही. ज्या राजवटीने ग्वांगजूवर लष्कर घातले, तिच्याच काळात आणि तिच्याच पुढाकाराने जन्मलेल्या लीगमधील एक संघ त्या शहराच्या दुःखाचा आणि अभिमानाचा वाहक बनला; या संघाच्या लोकप्रियतेचे मूळ या घटनेत आहे.

बेसबॉल कोरियात विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकन धर्मप्रचारकांबरोबर आला आणि शाळा-महाविद्यालयांतून रुजला. या खेळात प्रत्येकी नऊ खेळाडूंचे दोन संघ नऊ फेऱ्या खेळतात. चेंडू फेकणाऱ्यास ‘पिचर’ आणि तो फटकावणाऱ्यास ‘बॅटर’ म्हणतात. फटका मारल्यानंतर मैदानातील तीन टप्प्यांना, म्हणजे ‘बेस’ना, क्रमाने स्पर्श करून मूळ जागी परतले की एक धाव मिळते, आणि चेंडू थेट कुंपणापलीकडे गेल्यास त्या फटक्यास ‘होम रन’ म्हणतात. व्यावसायिक लीग सुरू होण्यापूर्वी, विशेषतः १९७० च्या दशकात, कोरियात सर्वाधिक गर्दी खेचत ती माध्यमिक शाळांची बेसबॉल स्पर्धा, कारण शाळेच्या संघात प्रेक्षकांना आपले गाव दिसत असे. गुनसान कमर्शियल हायस्कूल या नैऋत्येकडील शाळेने १९७२ साली एका राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना हातातून गेल्यासारखा वाटत असताना शेवटच्या फेरीत फिरवला, तेव्हा त्या विजयाचा आनंद साऱ्या प्रांताने साजरा केला. त्या विजयी संघातील किम बोंग-योन पुढे टायगर्सच्या पहिल्या पिढीतील प्रमुख बॅटर झाला.

ग्वांगजू शहर आणि त्याच्या भोवतीचे उत्तर व दक्षिण जोल्ला हे प्रांत मिळून जो प्रदेश होतो, त्यास होनाम म्हणतात. हा भातशेतीचा सुपीक मुलूख आहे. परंतु पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीत देशाचे औद्योगिकीकरण झाले, तेव्हा पोहांगचा पोलाद कारखाना आणि उल्सानची जहाजबांधणी व मोटारउद्योग यांसारखे मोठे प्रकल्प आग्नेयेकडील योंगनाम प्रदेशात उभे राहिले. पार्क स्वतः त्याच प्रदेशातील होते. मागे पडलेल्या होनाममधील लाखो माणसे कामासाठी सोल आणि त्याच्या परिसरात गेली, तेथील कारखान्यांत व बांधकामांवर राबली आणि बोलण्याच्या हेलावरून ओळखू येताच अनेकदा तुच्छतेची धनी झाली. पार्क यांच्या राजवटीस आव्हान देणारे विरोधी पक्षाचे नेते किम डे-जुंग याच प्रदेशातील असल्याने प्रादेशिक अन्यायाची भावना आणि लोकशाहीची मागणी या दोन्ही गोष्टी होनाममध्ये एकत्र नांदू लागल्या.

मे १९८० मध्ये, पार्क यांच्यानंतर सत्ता बळकावलेल्या जनरल चुन डू-ह्वान यांनी देशभर लष्करी कायदा लागू केला आणि किम डे-जुंग यांना अटक केली, तेव्हा ग्वांगजूतील विद्यार्थी रस्त्यावर आले. १८ मे रोजी शहरात उतरवलेल्या छत्रीधारी सैनिकांनी त्यांच्यावर जो अत्याचार केला, त्यामुळे सामान्य नागरिकही उठावात सामील झाले आणि २७ मे रोजी तो चिरडला जाईपर्यंत शेकडो माणसे मारली गेली. २० मे रोजी शहरातील टॅक्सी आणि बसचालक मुदुंग स्टेडियमजवळ जमले आणि दिवे लावून, भोंगे वाजवत सैनिकांच्या दिशेने निघाले. या ताफ्याने उठावास नवे बळ दिले. दोनच वर्षांनी तेच मुदुंग स्टेडियम टायगर्सचे घरचे मैदान झाले.

२७ मार्च १९८२ रोजी सोलच्या दोंगडेमुन स्टेडियममध्ये राष्ट्राध्यक्ष चुन यांनी पहिला चेंडू फेकून कोरियाच्या व्यावसायिक लीगचे उद्घाटन केले. राजकारणावरून जनतेचे लक्ष खेळांकडे व करमणुकीकडे वळवावे, हा त्यामागील हेतू होता, असे कोरियन अभ्यासक सामान्यतः मानतात. आरंभीच्या सहा संघांना एकेक प्रदेश नेमून देण्यात आला आणि त्या प्रदेशातील शाळांतून घडलेले खेळाडू घेण्याचा हक्क त्या त्या संघास मिळाला. आयपीएलमधील संघ शहराच्या वा राज्याच्या नावाने ओळखले जातात, तर कोरियात संघाच्या नावात मालक कंपनी असते आणि गाव नसते. तरीही प्रदेशनिहाय खेळाडू निवडण्याच्या या नियमामुळे प्रत्येक संघ प्रत्यक्षात आपल्या मातीतील मुलांचाच झाला. शालेय बेसबॉलमधील गावाची निष्ठा व्यावसायिक संघाकडे वळली, आणि जी लीग लोकांना राजकारण विसरायला लावण्यासाठी निघाली होती, तिने होनामच्या माणसांना एकत्र जमण्यासाठी एक उघडे, कायदेशीर स्थान मिळवून दिले.

होनामचा संघ हैताई या बिस्किटे, मिठाई आणि आइस्क्रीम बनवणाऱ्या उद्योगसमूहाकडे गेला आणि ‘हैताई टायगर्स’ हे नाव रूढ झाले. सॅमसंग, लोट्टे अशा धनाढ्य समूहांच्या तुलनेत हैताई लहान होता. पहिल्या हंगामात संघाकडे खेळाडूच इतके थोडे होते, की किम सोंग-हान या खेळाडूने बॅटर म्हणून लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे ६९ धावा घडवून आणल्या आणि त्याच वर्षी पिचर म्हणून १० सामनेही जिंकून दिले. संघाचा खरा उत्कर्ष सुरू झाला तो १९८३ च्या हंगामासाठी प्रशिक्षकपदी आलेल्या किम ऊंग-योंग यांच्यामुळे. उत्तरेत जन्मलेले आणि कोरियन युद्धात दक्षिणेत आलेले हे धिप्पाड गृहस्थ शिस्तीचे कठोर होते. त्यांच्या पहिल्याच वर्षी टायगर्स विजेते ठरले, आणि त्यानंतर १९८६ ते १९८९ अशी सलग चार वर्षे, पुढे १९९१, १९९३, १९९६ आणि १९९७ असे करीत पंधरा वर्षांत नऊ विजेतेपदे या संघाने मिळवली. लाल सदरा आणि काळी विजार हा त्यांचा वेश प्रतिस्पर्ध्यांच्या मनात धडकी भरवीत असे.

या यशात ग्वांगजूच्या दोन सुपुत्रांचा वाटा विशेष मोठा आहे. १९८५ साली संघात आलेल्या सन डोंग-योल या पिचरला ‘मुदुंग पर्वताचे बॉम्बफेकी विमान’ असे टोपणनाव मिळाले. पिचरची गुणवत्ता मोजण्यासाठी दर नऊ फेऱ्यांमागे त्याने सरासरी किती धावा दिल्या, हे पाहिले जाते. त्यात क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा धरत नाहीत. ही सरासरी तीनपेक्षा कमी असली, तर पिचर उत्तम समजला जातो. सन यांची अकरा हंगामांची सरासरी १.२० आहे आणि १९९३ साली ती ०.७८ पर्यंत उतरली होती. त्याच वर्षी संघात दाखल झालेल्या ली जोंग-बोम यांना त्यांच्या वेगामुळे ‘वाऱ्याचा पुत्र’ म्हणू लागले. प्रतिस्पर्ध्यांची नजर चुकवून पुढचा बेस गाठणे म्हणजे ‘स्टील’. ली यांनी १९९४ च्या एकाच हंगामात ८४ वेळा ते साधले, शिवाय ०.३९३ इतकी, म्हणजे दर दहा संधींत जवळपास चार यशस्वी फटके अशी, फलंदाजीची सरासरी राखली. त्यांचा मुलगा ली जुंग-हू आज अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून खेळतो.

टायगर्स जिंकत होते त्या वर्षांत मुदुंग स्टेडियमच्या बाकांवर काय घडत होते, ते अधिक महत्त्वाचे आहे. उठावाविषयी उघडपणे बोलणे धोक्याचे होते, मृतांसाठी सभा घेणे कठीण होते, पण सामन्याचे तिकीट काढून हजारोंच्या समूहात गाण्यास कोणी मनाई करू शकत नव्हते. प्रेक्षक ‘मोकपोचे अश्रू’ हे १९३५ सालचे, ली नान-योंग या होनामच्याच गायिकेने अजरामर केलेले विरहगीत गात. जपानी अमलाखालील कोरियाचे दुःख ज्या गाण्यात लोकांनी पाहिले होते, त्यात आता त्यांना आपल्या प्रांताचे दुःख दिसू लागले. सामन्यांमध्ये किम डे-जुंग यांच्या नावाचा घोषही होत असे. सत्तेलाही या जमावाचे स्वरूप कळत होते. म्हणूनच दीर्घकाळ १८ मे रोजी ग्वांगजूत सामना ठेवला जात नसे, आणि हा अलिखित दंडक २००० साली सुटला. प्रादेशिक वैराची झळही खेळास बसली. १९८६ च्या अंतिम मालिकेत योंगनाममधील डेगू येथे सॅमसंग लायन्सचा पराभव झाल्यावर संतप्त जमावाने टायगर्सची बस पेटवून दिली होती.

१९९७ हे वर्ष या इतिहासाचे वळण ठरले. त्या वर्षी १८ मे हा राष्ट्रीय स्मृतिदिन म्हणून पाळला जाऊ लागला, शरद ऋतूत टायगर्सने नववे विजेतेपद मिळवले आणि डिसेंबरमध्ये किम डे-जुंग राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. परंतु त्याच सुमारास आशियाई आर्थिक संकटात हैताई समूह कोसळला. सन आधीच जपानच्या चुनिची ड्रॅगन्सकडे गेले होते, पाठोपाठ ली यांनाही तेथेच देण्यात आले आणि पैशासाठी इतर चांगले खेळाडूही सोडावे लागले. अखेर ऑगस्ट २००१ मध्ये किआ मोटर्सने संघ विकत घेतला. किआचा मोठा मोटारकारखाना ग्वांगजूतच असल्याने संघाला गाव सोडावे लागले नाही. मालकाचे नाव बदलले, वाघ मात्र तेथेच राहिले.

नव्या मालकीत पहिल्या विजेतेपदासाठी आठ वर्षे थांबावे लागले. २००९ च्या अंतिम मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्यात टायगर्स १-५ असे पिछाडीवर होते. त्यांनी बरोबरी साधली आणि शेवटच्या फेरीत ना जी-वान याच्या होम रनने सामना व मालिका दोन्ही जिंकली. २०१७ साली ग्वांगजूतच वाढलेला पिचर यांग ह्योन-जोंग याच्या कामगिरीने अकरावे विजेतेपद आले. २०२४ साली ली बोम-हो हा माजी खेळाडू प्रशिक्षक झाला आणि ग्वांगजूच्याच शाळेत शिकलेल्या, एकवीस वर्षांच्या किम डो-योंग याने ३८ होम रन आणि ४० स्टील करून वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला. सॅमसंग लायन्सला हरवून मिळवलेले हे बारावे विजेतेपद १९८७ नंतर प्रथमच ग्वांगजूच्या मैदानावर निश्चित झाले, कारण मधल्या काळात अंतिम मालिकेचे निर्णायक सामने बहुतेक सोलच्या जामशिल स्टेडियममध्ये होत.

आजच्या लोकप्रियतेची दोन अंगे आहेत. पहिले अंग स्थलांतराचे आहे. सोलला गेलेल्या होनामच्या कुटुंबांनी आपली निष्ठा मुलानातवंडांना दिली, त्यामुळे टायगर्स राजधानीत खेळतात तेव्हा पाहुण्या संघाची बाजू अनेकदा यजमानांइतकीच भरलेली असते. दुसरे अंग कोरियन बेसबॉलच्या समूहगायनाच्या संस्कृतीचे आहे. प्रत्येक खेळाडूचे वेगळे गाणे, घोषणांची सूत्रे हाती घेणारा नायक, ढोल, नृत्यपथके आणि तळलेले चिकन व बिअर यांमुळे सामना हा तीन तासांचा उत्सव होतो. प्रतिस्पर्धी बॅटर बाद झाल्यावर टायगर्सच्या नृत्यपथकाने केलेली ‘पिक्कीपिक्की’ ही साधी हालचाल २०२४ मध्ये चित्रफितींद्वारे जगभर पोहोचली. त्या हंगामात लीगच्या प्रेक्षकांची संख्या प्रथमच एक कोटीच्या पुढे गेली, आणि टायगर्सच्या २०१४ साली बांधलेल्या चॅम्पियन्स फील्ड या नव्या मैदानावर बारा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. त्यांत तरुण स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे.

या तरुण प्रेक्षकांपैकी अनेकांना १९८० चा मे महिना केवळ पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे, आणि म्हणून संघाचा जुना अर्थ लोपला, असे काहींना वाटू शकेल. वस्तुतः ज्या माणसांनी मुदुंगच्या बाकांवर बसून रडवेल्या आवाजात गाणी म्हटली, त्यांना आपल्या नातवंडांनी निर्धास्तपणे नाचावे आणि आपल्या बोलीची, आपल्या गावाची लाज वाटू देऊ नये, एवढेच तर हवे होते. एखादा संघ कोणाच्या मालकीचा आहे, हे कंपनीच्या कागदपत्रांवरून ठरते. तो कोणाचा आहे, हे मात्र त्याच्या वाईट दिवसांत त्याच्याबरोबर कोण उभे राहिले, यावरून ठरते. हैताई बुडाला तेव्हा आणि त्यानंतरच्या रित्या वर्षांत ग्वांगजूने आपला संघ सोडला नाही, आणि म्हणूनच बारा विजेतेपदांवर पहिला हक्क त्या शहराचा आहे.