काटकसरीची लाज

मंडळी, हा लेख वाचायला घेण्याआधी एक छोटंसं काम करा. गराजमध्ये आणि गाडीच्या डिकीत जा आणि तिथे साठलेल्या कापडी पिशव्या मोजा.

आमच्याकडे ५३ निघाल्या.

तुम्हाला आठवत असेल, ४ मे २०२२ पासून न्यू जर्सीत दुकानांमधून प्लॅस्टिकच्या पिशव्या मिळणं बंद झालं. मोठ्या किराणा दुकानांतून कागदी पिशव्याही गेल्या. पहिले काही आठवडे ओक ट्री रोडवर आपण सगळ्यांनी एका काखेत मेथीची जुडी आणि दुसऱ्या हातात दुधाचा गॅलन अशी कसरत केली. मग प्रत्येक वेळी पिशवी घरी विसरायची आणि काउंटरवर नवी विकत घ्यायची, असा परिपाठ पडला. कायदा पाळला गेला, पण पिशव्यांचा ढीग काही कमी झाला नाही. फक्त तो स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधून गराजमध्ये गेला.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली. पहिल्याच दिवशी तो ढीग बघून म्हणाली, "अगं, दुकान काढणार आहेस का पिशव्यांचं?" तिच्या पर्समध्ये एकच पिशवी असते. जुन्या साडीच्या काठाची, घडी करून रुमालाएवढी होणारी. ती किती वर्षांची आहे हे तिलाही आठवत नाही.

पर्यावरण जपायचं म्हणून आपण बऱ्याचदा आणखी काहीतरी विकत घेतो. बांबूचे चमचे, काचेचे डबे, नव्या पिशव्या. आईच्या सहा महिन्यांत मला जे कळलं ते जवळजवळ सगळं बिनपैशाचं होतं. पण ते सहज गळी उतरलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

बादली आणि तांब्या

दुसऱ्या दिवशी आईने बादली मागितली. "त्या पावसाखाली उभं राहून अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही," म्हणाली. हार्डवेअरच्या दुकानातून रंगकामाची पाच गॅलनची बादली आणली. मुलगी खूप हसली.

मग एका शनिवारी मुलीने हिशेब केला. इथल्या नियमाप्रमाणे शॉवरमधून मिनिटाला जास्तीत जास्त अडीच गॅलन पाणी येतं. आठ मिनिटं उभं राहिलं तर २० गॅलन, म्हणजे ७५ लिटर. आईची अख्खी अंघोळ एका बादलीत, १८ ते १९ लिटरमध्ये. आणि वाया जातं ते नुसतं पाणी नाही. अमेरिकन घरात खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे १८ टक्के ऊर्जा पाणी तापवण्यात जाते.

मी काही तुम्हाला बादलीवर या म्हणत नाही. मी स्वतःही आलेले नाही. पण मिनिटाला दोन गॅलन किंवा त्याहून कमी पाणी देणारा शॉवरहेड बसवला आणि आठाची पाच मिनिटं केली, तर तेच पाणी निम्म्यावर येतं. खालच्या टाकीचं, म्हणजे वॉटर हीटरचं तापमान बघा. अनेक टाक्या १४० फॅरनहाइटवर लावलेल्या असतात, बहुतेक घरांना १२० पुरतं. घरात कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

ओट्यावरच्या पिशव्या

जूनमध्ये माझ्या ऑफिसमधली चार माणसं जेवायला येणार होती. आईने झिपलॉकच्या पिशव्या धुऊन, उलट्या करून चमच्यांच्या स्टँडवर वाळत घातल्या होत्या. शेजारी दही संपलेले पाच-सहा डबे, धुतलेले. दारावरची बेल वाजायला दहा मिनिटं होती. मी ते सगळं एका हाताने गोळा केलं आणि गराजमधल्या कचऱ्यात टाकलं.

पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, "सांगितलं असतंस तर मीच आत ठेवलं असतं. टाकलंस कशाला?"

"आई, इथे असं कोणी करत नाही. बरं दिसत नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही गरीब होतो म्हणून हे करत होतो, आणि तू आता गरीब नाहीस. असंच ना?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण अगदी तसंच होतं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे नव्वदच्या दशकात दोन बॅगा घेऊन आले, त्यांना आठवेल. प्रत्येक डॉलरला चाळीसने गुणायचे दिवस होते ते. तेव्हा आम्हीही डबे धुऊन वापरायचो, एकाच कोटावर तीन हिवाळे काढायचो. मग ग्रीन कार्ड आलं, घर आलं, आणि सुखवस्तू झाल्याची पहिली खूण म्हणून आम्ही काय सोडलं असेल, तर हे. काटकसर आमच्यासाठी चणचणीची आठवण होती. ती सुटली याचं बरंच वाटलं.

माझी मुलगी इथेच जन्मली. तिला ती आठवण नाही. तिला डबा धुण्यात लाज कसली हेच कळेना. "आजी जे करते, त्याची आमच्या शाळेतल्या क्लबमध्ये पोस्टर लावतात," असं ती मला म्हणाली, तेव्हा तिच्या आवाजात थोडा रागच होता. मधली पिढी मीच, आणि अडचणही माझीच होती.

कचऱ्याचं वजन

त्या रागातूनच तिने एक उद्योग सुरू केला. आठवडाभर आमच्या घरात जेवढं अन्न फेकलं गेलं, ते ती वेगळ्या बादलीत टाकून वजन करत गेली. आठवड्याला साडेनऊ पौंड! त्यात काय नव्हतं? स्वस्त मिळाली म्हणून घेतलेल्या कोथिंबिरीच्या चारपैकी तीन जुड्या. घाऊक दुकानातल्या मोठ्या डब्यातला अर्धा पालक. तारीख उलटली म्हणून ओतून दिलेलं दूध. आणि शनिवारच्या पार्टीचा पुलाव.

हे फक्त आमच्या घरचं नाही. या देशात पिकणाऱ्या आणि येणाऱ्या अन्नापैकी ३० ते ४० टक्के वाया जातं असा इथल्या कृषी खात्याचाच अंदाज आहे. ते कचराडेपोत जाऊन गाडलं जातं, तिथे हवा नसते, आणि हवेशिवाय कुजताना त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट उष्णता धरून ठेवतो. घरातल्या घरात काही एकच करायचं असेल तर मी म्हणेन, अन्न फेकणं थांबवा.

आम्ही काय केलं ते सांगते.

फ्रिजचा एक कप्पा "आधी हे संपवा" असा ठरवला. उरलेलं सगळं तिथेच, डोळ्यांसमोर. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

"बेस्ट बाय" या शब्दांची भीती सोडली. बाळांचं फॉर्म्युला दूध सोडलं, तर ही तारीख चव आणि दर्जा कधीपर्यंत उत्तम राहील ते सांगते. त्या दिवशी पदार्थ विषारी होत नाही. आई तारीख बघत नाही, वास घेऊन बघते. ते फक्त ज्यांच्यावर तारीख असते अशा धडधाकट वस्तूंना लागू, बुरशी आलेल्या ब्रेडला नाही.

आणि आईच्या हातचे जुने पदार्थ परत आले. शिळ्या पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात, उरलेल्या वरणात पिठं कालवून थालीपीठ, दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या वाटणात. हे पदार्थ उरलेलं संपवण्यासाठीच जन्माला आले. आमच्या घरात आता कुस्करा मुद्दाम व्हावा म्हणून पोळ्या जास्त कराव्या लागतात, ही गोष्ट वेगळी!

तरीही सालं, देठं, चहाचा चोथा उरतोच. त्यासाठी मागच्या अंगणात झाकणाचा एक डबा ठेवला. एक भाग सालं, तीन भाग ऑक्टोबर-नोव्हेंबरची वाळकी पानं, अधूनमधून ढवळायचं. तेलकट, दुधाचं आणि शिजवलेलं त्यात घालायचं नाही, नाहीतर रॅकून जेवायला येतात. जानेवारीत सगळं गोठून थंडावतं, एप्रिलमध्ये पुन्हा चालू होतं. त्या खतावर यंदा अळू असं फोफावलं की गणपतीत शेजारच्या दोन घरांना अळूवड्या पोचल्या.

महिन्याभराने वजन केलं तेव्हा फेकलेलं अन्न पावणेचार पौंड भरलं.

आईचंही चुकतं

आपल्या आज्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. आई भांडी घासते ती नळ सोडून. मिनिटाला दोन गॅलन धरले तरी दहा मिनिटांत २० गॅलन. आणि आमचा डिशवॉशर? तुमच्याकडे असतो तसाच, भांडी निथळत ठेवायचं महागडं स्टँड. गेली अकरा वर्षं तो मी मोजून दहा वेळा लावला असेल. नव्या, ऊर्जा वाचवणाऱ्या डिशवॉशरला पूर्ण भरलेल्या एका खेपेला साडेतीन गॅलनच्या आसपास पाणी लागतं. खरकटं फक्त खरवडून टाकायचं, आधी विसळायचं नाही. स्टीलची ताटं-वाट्या त्यात छान निघतात. पितळेची आणि ॲल्युमिनियमची भांडी मात्र हातानेच.

नातीने आजीला बटणं शिकवली. आईने पहिल्या दिवशी दार उघडून प्रत्येक वाटी उजेडात धरून तपासली आणि एक वाटी पुन्हा घासली. दुसऱ्या आठवड्यापासून रात्री बटण दाबायचं काम तिचं झालं.

कुकरच्या बाबतीत मात्र ती गुरू. वरण, भात आणि बटाटे, एकावर एक तीन डबे, एकच शेगडी. दाब वाढला की पाणी शंभरऐवजी १२० सेल्सियसच्या जवळपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. राजमा आधी भिजवला तर त्यालाही कमी वेळ लागतो.

एका संध्याकाळची कामं

आणखी काही गोष्टी अशा आहेत की एकदा केल्या की विसरून जाता येतं.

कपडे थंड पाण्यात धुवा. गरम पाण्याने धुताना मशीनला लागणाऱ्या ऊर्जेतली बहुतेक, सुमारे ९० टक्के, पाणी तापवण्यातच जाते. कपडे बाहेर वाळत घालायला अनेक सोसायट्यांची बंदी असते, पण बेसमेंटमध्ये घडीचं स्टँड कोण अडवणार? हिवाळ्यात घरातली हवा कोरडी असते, रात्रीत कपडे वाळतात.

थर्मोस्टॅट हिवाळ्यात झोपताना किंवा घरात कोणी नसताना सात ते दहा अंश फॅरनहाइट खाली आणला, रोज आठेक तास, तर वर्षाच्या बिलात दहा टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. आईने येताना जुन्या साड्यांची गोधडी आणली होती. ६४ अंशांत तिच्याखाली छान झोप लागते.

आणि एक खरं बोलते. आईला आणायला-सोडायला जी विमानं उडतात, ती आमच्या या सगळ्या लहानसहान बचतीहून जास्त धूर सोडतात. म्हणून आईला बोलवायचं नाही का? ते माझ्याने होणार नाही. पण ती आली की सहा महिने राहते, दोन आठवड्यांच्या धावत्या फेऱ्या आम्ही कमी केल्या. जे सोडता येत नाही, त्याची आठवण ठेवून जे सोडता येतं ते सोडायचं, एवढंच ठरवलं आहे.

यंदाच्या दिवाळीला

आता आपल्या मंडळाबद्दल. थर्मोकोलच्या ताटल्या २०१८ मध्ये महाराष्ट्रात आणि २०२२ मध्ये न्यू जर्सीत बंद झाल्या. त्यांच्या जागी आपण जाड कागदाच्या आणल्या. दिवाळीच्या कार्यक्रमानंतर हॉलमागे काळ्या पिशव्यांचा ढीग तेवढाच असतो. मी स्वयंसेवक म्हणून त्या बांधल्या आहेत. त्यात अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या, न चाखलेलं श्रीखंड आणि अख्ख्या पुऱ्या असतात.

म्हणून एक विनंती. यंदा येताना घरून प्रत्येकी एक स्टीलचा पेला आणा आणि घरटी एक रिकामा डबा. पाणी पेल्यातून प्या. जेवण उरलं तर डब्यातून घरी न्या, दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक वाचेल. मुलांना आधी थोडंच वाढा, मग परत वाढा. डबा बाहेर काढताना आजूबाजूला कोणी बघतंय का, असं मनात येईल. माझ्याही येतं.

मागच्या आठवड्यात फोनवर आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "कुठला डबा नेणार आहेस?" मी म्हटलं, दह्याचा. तू धुऊन ठेवलेला एक कपाटामागे राहिला होता.

शुभ दीपावली!