लव्हाळ्याची वहिवाट

दिवाळीच्या पहाटे अंगाला लावावयाच्या उटण्यात जो नागरमोथा आवर्जून घातला जातो, त्याच्याच जातीचा किंवा अगदी सख्ख्या जातभाईचा कंद उसाच्या सरीत उगवला म्हणजे त्यास लव्हाळा म्हणतात, आणि हरळी व कुंदा यांच्या जोडीने त्याची गणना शेतकऱ्याच्या हाडवैऱ्यांत होते. लिनीअसने १७५३ साली या वनस्पतीस सायपेरस रोटुंडस असे नाव दिले. चरकाने मात्र तिला त्यापूर्वी कित्येक शतके संग्राहक, दीपन व पाचन द्रव्यांत अग्रस्थान दिले होते, आणि ज्वरात द्यावयाच्या षडंगपानीयातही मुस्ता, म्हणजे हीच वनस्पती, आहेच.

लव्हाळ्यास गवत म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो तृणकुलातला नव्हे, मुस्तक कुलातला. फुलोऱ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवावा, म्हणजे त्याच्या तीन धारा बोटांस स्पष्ट लागतात. आडवा छेद घेतला तर भरीव त्रिकोण दिसतो, आणि गवताच्या काडीवर असतात तशी पेरे त्यावर कोठेही आढळत नाहीत. पानेही तीन रांगांतच निघतात. शेंड्याला तांबूस-जांभळ्या कणिशकांचा फुलोरा येतो खरा. परंतु त्यातून रुजण्याजोगे बी क्वचितच तयार होते, आणि वंशविस्ताराचा सारा भार भूमिगत कंदांवर पडतो.

हे कंद उकरून पाहण्यासारखे आहेत. कोवळा कंद पांढरा व रसदार असतो. जून झाला की त्यावर काळपट तंतुमय साल चढते, आणि तो मोडला तर आतून फिकट गर व कापरासारखा उग्र वास येतो. तारेसारख्या चिवट भूमिगत खोडांनी एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे ते जोडलेले असतात, आणि ही माळ अखंड आहे तोवर शेंड्याकडील कंदाच्या वर्चस्वामुळे मागच्या कंदांचे पुष्कळसे डोळे निद्रिस्त राहतात. नांगराच्या फाळाने किंवा कुळवाच्या पाशीने माळ तुटली की ते वर्चस्व संपुष्टात येते आणि सुटा झालेला प्रत्येक कंद स्वतंत्रपणे फुटतो. ज्या मशागतीने त्याचा बंदोबस्त व्हावा, तीच त्याची लावणी ठरते. माझ्या मते या वनस्पतीच्या प्रसाराचे खरे मर्म हेच आहे.

तिचे मूळचे राहते ठिकाण ओलसर, वारंवार ढवळली जाणारी जमीन असावे, असे मानावयास आधार आहे. मृगया थांबविल्यावर दुष्यंत डबक्याकाठच्या मुस्ता रानडुकरांना निर्धास्तपणे उकरू द्या म्हणतो, तेव्हा ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात कालिदासाने या वनस्पतीचा अधिवासच नोंदवून ठेवला आहे. डुकराच्या मुसंडीची जागा पुढे माणसाच्या अवजारांनी घेतली, पाटाच्या पाण्याने ओलाव्याची कायमची तजवीज केली, आणि डबक्याकाठची ही रहिवासी बागायतीची कब्जेदार झाली. होम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिला जगातील सर्वांत उपद्रवी तण ठरविले; नव्वदांहून अधिक देशांत तिचे वास्तव्य नोंदलेले आहे. तथापि माणसाने तिचा द्वेषच केला असे नाही. सुदानमधील अल-खिदाय येथील प्राचीन मानवांच्या दातांवरील किटणात या कंदांचे अवशेष सापडले असून, शेती येण्यापूर्वी आणि नंतरही तेथील लोक ते खात, असे २०१४ साली संशोधकांनी दाखविले.

लव्हाळ्याचे बळ उन्हात आहे. ऊस व मका यांच्याप्रमाणेच तोही कर्बग्रहणाच्या चतुष्कार्बनी रीतीने प्रखर उन्हाचा पुरेपूर लाभ घेतो. म्हणूनच सावलीत तो झपाट्याने खंगतो आणि त्याचे कंद धरणे मंदावते. वैशाखातील खोल नांगरटीने वर आलेले कंद ढेकळांसकट कोरडे ठणठणीत वाळू दिले तर मरतात. अर्धवट ओले राहिले तर मात्र पहिल्याच पावसाबरोबर फुटतात. त्यामुळे नांगरट करावयाची ती पाऊस दूर असतानाच करावी, आणि पुढे ताग किंवा धैंचा इतका दाट पेरावा की जमिनीवर ऊन पडू नये. एका हंगामात हे काम आटोपत नाही, कारण खोलवर राहिलेले कंद पुन्हा कोंब धाडतात. पण प्रत्येक कोंबासाठी कंदाला आपल्या साठ्यातून खर्च करावा लागतो, आणि सावलीखाली तो भरून निघत नाही.