युवकांचे चित्रपट शिक्षण आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य : अजिंठा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

चित्रपट हे विसाव्या शतकाने मानवाला दिलेले सर्वांत प्रभावी दृश्य माध्यम होय. आजचा युवक पुस्तकाच्या पानापेक्षा पडद्यावरील प्रतिमेच्या सहवासात अधिक काळ घालवतो. परंतु प्रतिमा पाहणे आणि प्रतिमा वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट शिकावी लागते, आणि ती शिकविण्याची व्यवस्था महाराष्ट्रात उभी राहिली ती बऱ्याच अंशी परदेशी व्यक्ती व संस्था यांच्या सहकार्यातून. या सहकार्याचे स्वरूप, त्याचे फलित आणि अजिंठा परिसरातील म्हणजेच छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील युवकांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व यांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

अजिंठ्याचा पूर्वानुभव

दृश्यकलेच्या शिक्षणातील आंतरराष्ट्रीय संबंध अजिंठ्याला नवे नाहीत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांच्यासमवेत नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांसारख्या तरुण चित्रकारांनी येथे काम केले.

या दोन प्रयत्नांतून एक महत्त्वाचा बोध मिळतो. ग्रिफिथ्स यांच्या काळात तयार झालेल्या प्रतिकृती लंडनला पाठविण्यात आल्या व त्यांपैकी अनेक १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. मात्र त्या कामातून पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखा चित्रकार घडला. नंदलाल बोस यांनी अजिंठ्यात मिळालेली दृष्टी पुढे शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेली. वस्तू परदेशी गेली आणि जळाली. हाताला लागलेले वळण मात्र येथेच राहिले. शैक्षणिक सहकार्याचे यश कोणत्या निकषावर मोजावे, याचे उत्तर या घटनेत आहे.

स्वतः भित्तिचित्रेही चित्रपटाच्या विद्यार्थ्याला पुष्कळ शिकवू शकतात. सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकात एकच व्यक्तिरेखा निरनिराळ्या प्रसंगांत पुनःपुन्हा येते. प्रसंगांच्या मध्ये चौकटी नाहीत, तर दालन, द्वार किंवा वृक्ष यांच्या योजनेने एक प्रसंग संपून दुसरा सुरू होतो. प्रेक्षकाची नजर कोठून कोठे न्यावी, हा संकलनाचा मूलभूत प्रश्न येथील चित्रकारांनी पाचव्या शतकातच हाताळलेला दिसतो.

महाराष्ट्रातील चित्रपट शिक्षण व परदेशी सहकार्य

भारतीय चित्रपटाचा आरंभच अशा शिक्षणातून झाला. जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी असलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी निर्मितीची प्रक्रिया समजून घेतली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे टॉकीजने फ्रान्झ ऑस्टेन, जोसेफ विर्शिंग आदी जर्मन तंत्रज्ञांना मालाड येथे आणले. त्यांच्या हाताखाली भारतीय तरुण छायाचित्रण व ध्वनिमुद्रण शिकले. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच या तंत्रज्ञांना ब्रिटिश सरकारने स्थानबद्ध केले. तरीही चित्रपटनिर्मिती थांबली नाही, कारण तोवर येथील माणसे तयार झाली होती.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६० मध्ये पुण्यात प्रभात कंपनीच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूटची स्थापना झाली व १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. हे संग्रहालय १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट संग्रहालय महासंघाचे सदस्य झाले. या सदस्यत्वामुळे इतर देशांच्या संग्रहालयांशी देवाणघेवाण सुकर झाली व जगातील अभिजात चित्रपट विद्यार्थ्यांना पाहावयास मिळू लागले. प्राध्यापक सतीश बहादूर आणि ब्रिटिश अभ्यासक मारी सेटन यांनी १९६७ मध्ये चित्रपट रसास्वादाचा अभ्यासवर्ग घेतला. दिग्दर्शक होऊ न इच्छिणाऱ्या शिक्षक, पत्रकार व सामान्य प्रेक्षक यांनाही चित्रपट शिकता येतो, हा विचार त्यातून रुजला.

सहकार्याची आजची रूपे

अलीकडे हे सहकार्य प्रामुख्याने तीन प्रकारांनी घडते. पहिला प्रकार गुरू-शिष्य पद्धतीचा. रोलेक्स कंपनीच्या मार्गदर्शन योजनेखाली चैतन्य ताम्हाणे यांना २०१६-१७ मध्ये मेक्सिकोचे दिग्दर्शक अल्फोन्सो कुआरोन यांचा सहवास लाभला. त्यानंतरच्या 'द डिसायपल' (२०२०) या मराठी चित्रपटाच्या पटकथेला व्हेनिस महोत्सवात पुरस्कार मिळाला. दुसरा प्रकार संहिता-विकास कार्यशाळांचा. चित्रपटाचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या रोहन कानवडे यांची 'साबर बोंडं' ही संहिता व्हेनिसच्या बिएनाले कॉलेज उपक्रमातून पुढे आली आणि २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात तिच्यावरील चित्रपट जागतिक विभागातील सर्वोच्च परीक्षक पुरस्काराचा मानकरी ठरला. तिसरा प्रकार विद्यार्थीपटांच्या व्यासपीठाचा. पुण्याच्या संस्थेतील विद्यार्थ्यांचे लघुपट २०२० व २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात प्रथम आले.

अजिंठा-वेरूळ महोत्सव व त्याचे महत्त्व

मराठवाड्यातील युवकाला या प्रवाहाशी जोडणारा निकटचा दुवा म्हणजे अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. त्याचे दहावे पर्व जानेवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे पार पडले. समीक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना फिप्रेस्की व भारतातील फिल्म सोसायट्यांचा महासंघ यांची या महोत्सवाला मान्यता असून एमजीएम विद्यापीठ आयोजनात सहभागी आहे. महोत्सवाचा पद्मपाणी पुरस्कार पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्वाच्या नावाने दिला जातो. २०२५ मध्ये तो सई परांजपे यांना प्रदान करण्यात आला. विद्यापीठ आणि महोत्सव एकत्र आल्यामुळे परदेशी चित्रपट पाहणे, त्यावरील चर्चा ऐकणे आणि जाणकारांना प्रश्न विचारणे या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यास न जाता शक्य होतात.

मर्यादा

तथापि काही प्रश्न शिल्लक राहतात. आंतरराष्ट्रीय योजनांचे अर्ज, मुलाखती व चर्चा प्रायः इंग्रजीत असतात. त्यामुळे मराठीतून शिकलेला, परंतु दृश्य कल्पकता असलेला विद्यार्थी दारातच अडतो. दुसरे असे की महोत्सव काही दिवसांत संपतो. शिक्षणाला मात्र वर्षभराचे सातत्य लागते. लेण्यांच्या पायथ्याशी असलेली गावे शहरापासून सुमारे १०० किलोमीटर दूर आहेत आणि तेथील मुलांपर्यंत हे उपक्रम आपोआप पोहोचत नाहीत. ज्या मुलांचे आईवडील पर्यटकांच्या येण्याजाण्यावर उदरनिर्वाह करतात, त्यांनी जगाच्या कॅमेऱ्यासमोरच उभे राहावे की कधी कॅमेऱ्यामागेही जावे, हा यातील खरा प्रश्न आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, जे सहकार्य स्थानिक माणूस घडविते तेच परदेशी पाहुणा परत गेल्यावरही टिकते. यासाठी महाविद्यालयांनी फिल्म सोसायटी स्थापन करून वर्षभर चित्रपट दाखवावेत, रसास्वादाचे पाठ्यसाहित्य मराठीत तयार करावे, परदेशी मार्गदर्शकांच्या कार्यशाळांत दुभाष्याची सोय असावी आणि एखादी तरी कार्यशाळा अजिंठा गावाच्या परिसरात, शाळेतील मुलांसाठी घ्यावी. या गोष्टींना फार मोठा निधी लागत नाही; नियोजन लागते. दीड हजार वर्षांपूर्वी ज्या भूमीने भिंतीवर कथा सांगितली, तेथील युवकाला पडद्यावर स्वतःची कथा सांगता येणे, हेच या सहकार्याचे अंतिम उद्दिष्ट असले पाहिजे.