अंतराळ संशोधन आणि कला : विजयदुर्ग येथील १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या संदर्भात

प्रस्तावना :
विज्ञान आणि कला ही मानवी प्रज्ञेची दोन स्वतंत्र क्षेत्रे होत, असा सर्वसाधारण समज आहे. विज्ञान वस्तुनिष्ठ तर कला आत्मनिष्ठ, अशी त्यांची विभागणी केली जाते. अंतराळ संशोधनाच्या संदर्भात कलेचा उल्लेख झालाच, तर तो बहुधा शोभेच्या अंगाने होतो. वस्तुतः गॅलिलिओने १६०९ मध्ये दुर्बिणीतून चंद्र पाहिला, तेव्हा प्रकाश व छाया यांच्या रेखाटनातूनच त्याने चंद्रावरील पर्वतांचे अस्तित्व पटवून दिले. कला आणि खगोलविज्ञान यांच्या अशाच सहकार्याचे एक महत्त्वाचे उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यात घडले आहे. प्रस्तुत लेखात त्याचा परामर्श घेतला आहे.

विजयदुर्ग आणि दोन ग्रहणे :
मालवणच्या उत्तरेस, देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग किल्ला आहे. किल्ल्यातील काही चौथरे 'साहेबाचे कट्टे' या नावाने ओळखले जातात. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात येथूनच हेलियमचा शोध लावला, अशी लोकसमजूत दृढ आहे. मात्र इतिहास काहीसा वेगळा आहे. १८६८ च्या ग्रहणाचे महत्त्वाचे निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी आंध्रातील गुंटूर येथून केले. लॉकियर यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून सूर्याच्या वर्णपटातील संबंधित पिवळी रेषा अभ्यासली. ते विजयदुर्गास आले ते त्यानंतर तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. या दुरुस्तीमुळे विजयदुर्गाचे महत्त्व कमी होत नाही, कारण १८९८ मध्ये येथे जे घडले ते कलेच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे.

रेखाटनाची गरज का भासली? :
खग्रास अवस्थेत चंद्र सूर्यबिंबाला पूर्णपणे झाकतो आणि एरवी न दिसणारे प्रभामंडल दृश्यमान होते. विजयदुर्ग येथे ही अवस्था सुमारे दोन मिनिटांची होती. त्या काळी छायाचित्रण उपलब्ध होते, तरीही एक अडचण होती. प्रभामंडलाची तेजस्विता सूर्याच्या कडेपासून दूर जाताना झपाट्याने घटते. काच अल्पकाळ प्रकाशित केली तर बाहेरचे मंद झोत उमटत नसत. दीर्घकाळ प्रकाशित केली तर आतील भाग पांढराफटक होऊन त्यातील तपशील नाहीसे होत. मानवी डोळा मात्र तेजाच्या या दोन्ही टोकांचा एकाच वेळी बऱ्याच अंशी वेध घेऊ शकतो. शिवाय रंगांची नोंद तत्कालीन छायाचित्रांत होत नसे. त्यामुळे पेन्सिल व कागद ही दुर्बिणीइतकीच आवश्यक साधने ठरली.

खलाशी झाले चित्रकार :
लॉकियर यांच्या मदतीस 'मेल्पोमिनी' या ब्रिटिश युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी होते. त्यांना गटागटांत विभागून ग्रहणापूर्वी त्यांच्याकडून सराव करून घेण्यात आला. काहींनी प्रभामंडलाचे रेखाटन करावयाचे, काहींनी भूप्रदेशाचे बदलते रंग टिपावयाचे, तर काहींनी दिसणारे तारे नोंदवावयाचे, अशी कामाची वाटणी होती. एका गटासमोर तबकड्या उभारल्या होत्या. प्रभामंडलाचा आतील प्रखर भाग तबकडीने झाकला गेल्याने बाहेरील मंद झोत डोळ्यांना अधिक स्पष्ट दिसावेत, हा त्यामागील हेतू होता.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. एकोणिसाव्या शतकातील ग्रहणांची रेखाटने शेजारी ठेवली असता, एकाच ग्रहणाची दोन चित्रे परस्परांशी जुळत नाहीत असा अनुभव वारंवार येत असे. अवधी अल्प, मन उत्तेजित आणि हात अपरिचित, ही त्याची कारणे होत. म्हणूनच एका कुशल चित्रकारावर विसंबण्याऐवजी अनेकांकडून रेखाटने करून घेऊन त्यांतील समान भाग स्वीकारणे अधिक विश्वसनीय ठरते. येथे कला ही एका व्यक्तीच्या प्रतिभेचा आविष्कार न राहता सामूहिक शिस्त बनते.

याच ग्रहणात वऱ्हाडातील तळणी येथून ॲनी माँडर यांनी प्रभामंडलाच्या अतिशय लांब झोताचे छायाचित्र घेतले. जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी निरीक्षणे केली. छायाचित्रण जसजसे प्रगत झाले तसतसे हाताने केलेल्या रेखाटनाचे स्थान गौण होत गेले. तथापि, प्रभामंडलाचा आकार सुमारे अकरा वर्षांच्या सौरडागांच्या चक्रानुसार बदलतो, हे ज्ञान अनेक ग्रहणांची रेखाटने व छायाचित्रे यांच्या तुलनेतूनच सिद्ध झाले, हे विसरता येणार नाही.

तबकडीपासून आदित्यपर्यंत :
प्रखर भाग झाकून मंद भाग पाहण्याचे तत्त्व पुढेही टिकले. फ्रेंच शास्त्रज्ञ बर्नार लिओ यांनी १९३० च्या सुमारास कृत्रिम ग्रहण घडविणारा प्रभामंडलदर्शक तयार केला. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या भारताच्या 'आदित्य एल-१' यानावरील प्रमुख उपकरणही सूर्यबिंबाचा प्रकाश वगळून प्रभामंडलाचाच वेध घेते. यंत्र बदलले, तरी काय झाकावे आणि काय पाहावे हा चित्रकाराचा विवेक त्यात कायम आहे.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कला ही अंतराळ संशोधनाची केवळ सजावट नसून निरीक्षणाची एक पद्धत आहे. विजयदुर्गावरील कट्ट्यांकडे हेलियमच्या शोधाचे स्मारक म्हणून पाहिले जाते. तेथे हातात पेन्सिल घेऊन दोन मिनिटे आकाशाकडे एकटक पाहणाऱ्या अनाम खलाशांचे स्मरणही व्हावयास हवे. चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्या पिंगुळीच्या चित्रकथीची परंपरा लाभलेल्या या जिल्ह्यात, विज्ञानाच्या तासाला रेखाटनवही आणणे अवघड नाही. २ ऑगस्ट २०२७ रोजी पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. पावसाळी ढगांनी वाट दिली, तर सुरक्षित चष्म्यातून अथवा पडद्यावरील प्रतिमेवरून विद्यार्थ्यांनी त्याच्या अवस्था रेखाटाव्यात आणि आपली चित्रे परस्परांशी ताडून पाहावीत. चित्रांतील फरकाचे कारण शोधू लागताच त्यांच्या वैज्ञानिक अभ्यासाचा आरंभ होईल.