धोतरा, रिंगणी आणि अश्वगंधा: कूळ एक, रसायनं वेगळी

पावसाळा सुरू झाला की दम्याचे रुग्ण हमखास एक प्रश्न विचारतात: "डॉक्टर, धोतऱ्याची वाळलेली पानं ओढली की दम बसतो म्हणतात. खरं आहे का?"

खरं आहे, आणि धोका नेमका तिथेच आहे.

धोतरा हा वांगी, बटाटा, टोमॅटो आणि मिरची यांच्याच कुळातला. या कुळाला सोलॅनेसी म्हणतात. धोतऱ्याच्या पानांत, फुलांत आणि विशेषतः बियांत हायोसायमिन, अ‍ॅट्रोपीन आणि स्कोपोलामिन ही अल्कलॉइड्स असतात. आपल्या मज्जातंतूंचा अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा एक निरोप्या असतो. ही द्रव्यं त्याचा निरोप पोहोचू देत नाहीत. त्यामुळे श्वासनलिकांचे आवळलेले स्नायू सैल पडतात आणि रुग्णाला मोकळं वाटतं.

पण हाच निरोप्या हृदय, डोळे, आतडी, मूत्राशय आणि मेंदूतही काम करतो. मात्रा थोडी वाढली की तोंडाला कोरड पडते, बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापतं, छाती धडधडते, लघवी अडकते. माणूस असंबद्ध बडबडू लागतो, नसलेल्या वस्तू हवेत पकडू लागतो. एका झुडपात किती अल्कलॉइड आहे, ते दुसऱ्या झुडपावरून सांगता येत नाही. घरात मोजून घेणं तर अशक्यच.

मग या गुणाचा उपयोग कसा करायचा? तो केव्हाच झालाय. इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही इनहेलरमधली औषधं अ‍ॅट्रोपीनच्या रचनेवरूनच तयार झाली. रेणूत असा बदल केला की त्यावर विद्युतभार राहतो, त्यामुळे तो फुप्फुसातून रक्तात फारसा जात नाही आणि मेंदूत जवळजवळ पोहोचतच नाही. टायोट्रोपियमच्या एका कॅप्सूलमध्ये औषध असतं 18 मायक्रोग्रॅम. पान ओढणाऱ्याला आपण किती घेतलं हे कधीच कळत नाही.

शुद्ध अ‍ॅट्रोपीनही रोज वापरात आहे. फवारणी करताना ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला वाचवणारं इंजेक्शन तेच. एकाचं विष दुसऱ्याचा उतारा, पण तो सलाईन लावून, नाडी आणि छाती तपासत द्यावा लागतो.

रिंगणीचं रसायन मात्र वेगळं. दशमुळातली ही काटेरी वनस्पती खोकल्यावर पूर्वापार वापरतात. तिच्यात सोलासोडीनपासून बनलेली ग्लायकोअल्कलॉइड्स असतात. सोलासोडीनपासून स्टेरॉइड औषधं बनवता येतात, म्हणून औषध उद्योगाला त्यात रस. याचा अर्थ रिंगणीचा काढा म्हणजे स्टेरॉइड, असा नाही. दम्याचा इनहेलर सोडून त्यावर राहावं इतका पुरावाही नाही.

बटाट्यातलं सोलॅनिन रिंगणीतल्या द्रव्यांचंच भाऊबंद. हिरवा पडलेला, कोंब आलेला बटाटा कडू लागतो तो यामुळे, आणि शिजवून ते फारसं जात नाही. असा बटाटा टाकून द्या. कामोणीची कच्ची हिरवी फळंही याच कारणासाठी मुलांना खाऊ देऊ नका. (वांगं खाल्ल्याने सांधे दुखतात का? तसा ठोस पुरावा नाही. तुम्हाला त्रास होत असेल तर खाऊ नका, एवढंच.)

अश्वगंधेत विथॅनोलाइड्स असतात. ताण आणि झोपेबाबत लहान अभ्यासांत थोडा फायदा दिसला आहे. पण काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडची पातळीही वाढू शकते. तुम्ही गरोदर असाल, थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेत असाल, तर विचारल्याशिवाय घेऊ नका. "आयुर्वेदिकच आहे" म्हणून डॉक्टरांपासून लपवू तर अजिबात नका.

घरात कुणाच्या पोटात धोतरा गेला असं वाटलं तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. बडबड थांबेल म्हणून वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा आणि जे खाल्लं त्याचं फळ, पान किंवा उरलेल्या बिया पिशवीत घालून सोबत न्या.