हाडांना नाव कसं मिळतं? अनोळखी मानवी अवशेषांची ओळख

आजचा विषय थोडा जड आहे, पण तो आपल्या गल्लीपर्यंत येणारा आहे. सिडकोत एखाद्या प्लॉटवर पाया खणताना, जुन्या शहरात ड्रेनेजची लाईन टाकताना किंवा पावसाळ्याआधी नाला साफ करताना हाडं सापडतात. लगेच गर्दी जमते, मोबाईल बाहेर निघतात आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'मानवी सांगाडा आढळल्याने खळबळ'. त्यानंतर काय होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ते आज आपण पायरीपायरीने बघणार आहोत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपल्याला वाटतं की हाडं प्रयोगशाळेत पाठवली की तिथून नाव येतं. तसं होत नाही. प्रयोगशाळा वर्णन देते आणि जुळणी करून देते. पण जुळणी करायची तर दुसऱ्या बाजूला कुणीतरी लागतं, म्हणजे आपलं माणूस शोधणारं घर आणि त्या घराची नोंदवून घेतलेली तक्रार. आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे.

पहिले तीन प्रश्न

पहिला प्रश्न, हे हाडच आहे का? भाजकी माती, जुनं लाकूड, प्लास्टिकचा पाईप हेही मातीत हाडासारखे दिसतात. दुसरा, माणसाचं आहे का? आपल्याकडे बकरा, बैल, डुक्कर, कुत्रा यांची हाडं सगळीकडे असतात. कवटी किंवा जबडा असेल तर निर्णय सोपा, पण फासळीचा तुकडा हाती आला तर तज्ज्ञालाही नीट तपासावं लागतं.

तिसरा प्रश्न आपल्या शहरात फार महत्त्वाचा आहे. हे हाड पोलीस तपासाच्या कामाचं आहे, की इतिहासाच्या? मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली. तेव्हापासून चारशे वर्षं इथे माणसं राहिली आणि इथल्याच मातीत गेली. कब्रस्तानं आकसली, विस्मरणात गेली, त्यांच्यावर वस्ती झाली. त्यामुळे सापडलेली हाडं एखाद्या जुन्या दफनातली असू शकतात. ते कळतं मांडणीवरून. मुस्लिम दफनात आपल्याकडे देह उत्तर-दक्षिण आणि चेहरा पश्चिमेला असतो. लिंगायत समाजात बसलेल्या अवस्थेत समाधी देतात. हिंदूंमध्येही लहान मुलांना पुरण्याची पद्धत आहे. म्हणून हाड 'कसं पडलं होतं' ही माहिती हाडाइतकीच मोलाची असते. जेसीबीने एक बादली मारली की ती कायमची गेली.

आणखी एक शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. मेडिकलचे विद्यार्थी अभ्यासासाठी खऱ्या हाडांचा संच वापरतात. 1985 मध्ये निर्यातबंदी होईपर्यंत तर आपला देश जगभर सांगाडे पुरवत होता. असे जुने संच कधी कुणी घर बदलताना टाकून देतं. त्या हाडांवर तार ओवायची छिद्रं, वॉर्निश, शाईच्या खुणा असतात. ज्या शहरात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे हे आधी तपासावंच लागतं.

हाडं काय सांगतात

पोलीस जागेचा पंचनामा करतात, अकस्मात मृत्यूची नोंद घेतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली व्हायचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194 लागू आहे. मग अवशेष न्यायवैद्यक तज्ज्ञांकडे जातात. आपल्याकडे त्यासाठी घाटीचा, म्हणजे 1956 साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा, न्यायवैद्यकशास्त्र विभाग आहे. शहरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळाही आहे.

तज्ज्ञ आधी मोजतात. प्रौढ माणसात 206 हाडं असतात. एकाच ढिगात डाव्या मांडीची दोन हाडं निघाली, तर माणसं किमान दोन आहेत. साधा हिशोब, पण त्याने तपासाची दिशा बदलते.

मग येतं लिंग. इथे सर्वांत भरवशाचं हाड कमरेचं. बाळंतपणाच्या सोयीने स्त्रीचा कटिभाग रुंद आणि पुढची कमान मोठ्या कोनाची असते. कवटीवरूनही अंदाज येतो, पण तो कमी पक्का. वयात न आलेल्या मुलाच्या हाडांवरून मात्र लिंग खात्रीने सांगता येत नाही.

वयाचं गणित तरुणांमध्ये सोपं असतं. दात कोणत्या क्रमाने येतात हे ठरलेलं आहे. लांब हाडांची टोकं ठराविक वयात मधल्या दांड्याशी जुळतात. गळ्याच्या हाडाचं छातीकडचं टोक सगळ्यांत शेवटी, तिशीच्या आसपास जुळतं. त्यानंतर फक्त झीज बघायची. म्हणून 'वय 18 ते 20' असं सांगता येतं, पण पुढे '40 ते 55' असा मोठा पल्ला द्यावा लागतो.

उंचीसाठी मांडीचं हाड मोजतात. ते उंचीच्या पाव भागापेक्षा थोडं जास्त असतं. पण सूत्र कुणाच्या मोजमापांवर बसवलं आहे हे बघावं लागतं. 1952 मध्ये अमेरिकेत ट्रॉटर आणि ग्लेसर यांनी दिलेली सूत्रं जगभर वापरली गेली, पण ती अमेरिकी माणसांवरून काढलेली होती. तीच मराठवाड्यातल्या माणसाला लावली तर आकडा चुकू शकतो.

मृत्यू कधी झाला, हा सर्वांत अवघड प्रश्न. उघड्यावर, आपल्या उन्हात आणि पावसात, देहाचा सांगाडा काही आठवड्यांत होऊ शकतो. तोच देह खोल पुरला तर वर्षं लागतात. म्हणून 'दोन वर्षांपूर्वीचा सांगाडा' अशी ठाम बातमी वाचली की जरा थांबावं. जुनं की आधुनिक, एवढं ठरवायला एक विलक्षण खूण आहे. 1950 च्या दशकापासून 1963 पर्यंत हवेत अणुचाचण्या झाल्या आणि वातावरणातला किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट झाला. तो अन्नातून आपल्या शरीरात आला. त्यामुळे दाताच्या आवरणावरून माणूस साधारण कोणत्या वर्षांत जन्मला, हे काढता येतं.

एवढं सगळं केल्यावर हातात काय येतं? 'पुरुष, वय 25 ते 35, उंची साधारण साडेपाच फूट, डावा हात कधीतरी मोडून जुळलेला.' या वर्णनात हजारो माणसं बसतात. नाव अजून लांब आहे.

वर्णनापासून नावापर्यंत

याचं जगप्रसिद्ध उदाहरण मुंबईशी जोडलेलं आहे. बक रक्स्टन हा मुंबईत जन्मलेला, मुंबई विद्यापीठाचा पदवीधर पारशी डॉक्टर इंग्लंडमधल्या लँकेस्टरला प्रॅक्टिस करत होता. 29 सप्टेंबर 1935 रोजी तिथून दूर, स्कॉटलंडमधल्या मॉफॅटजवळच्या ओढ्यात दोन स्त्रियांच्या देहांचे अनेक तुकडे सापडले. ओळखीच्या खुणा मुद्दाम काढून टाकलेल्या होत्या. प्राध्यापक ग्लेस्टर आणि ब्रॅश यांनी ते जुळवले आणि कवटीच्या छायाचित्रावर हयातीतला फोटो ठेवून तुलना केली. यालाच 'सुपरइम्पोझिशन' म्हणतात.

पण लँकेस्टरचा पत्ता कवटीने दिला नव्हता. तुकडे ज्या वर्तमानपत्रात गुंडाळले होते, तो 15 सप्टेंबरच्या अंकाचा फक्त त्याच भागात विकला गेलेला छापा होता. तिथे चौकशी केली, तर डॉक्टरांची पत्नी आणि घरकाम करणारी मुलगी, दोघी गायब. मुलीच्या घरच्यांनी ती हरवल्याचं पोलिसांना आधीच कळवलं होतं. गुंडाळलेल्या ब्लाऊजवर काखेत एक ठिगळ होतं. मुलीच्या सावत्र आईने ते ओळखलं, कारण ते तिनेच लावलं होतं. शास्त्राने खात्री दिली, पण नावापर्यंत नेलं ते घरच्यांनी. 1936 मध्ये रक्स्टनला फाशी झाली.

आता तुम्ही म्हणाल, आज डीएनए आहे ना! आहे. दाढेतून, मांडीच्या हाडातून, कानामागच्या दगडासारख्या टणक हाडातून तो मिळतो. पूर्ण जळलेल्या, पांढऱ्या पडलेल्या अस्थींतून मात्र सहसा मिळत नाही. पण डीएनए म्हणजे आधार कार्ड नव्हे. त्यावर नाव लिहिलेलं नसतं. तो नात्यातल्या कुणाच्या तरी डीएनएशी ताडून बघावा लागतो. आई-वडील किंवा मुलं असतील तर उत्तम. हाड जुनं असेल तर आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए कामाला येतो, तिथे मामा, मावशी, मावसभाऊही चालतात. पुरुषाचे अवशेष असतील तर वडिलांच्या बाजूने काका, चुलतभाऊ.

ताडायला कुणी नसेल तर काय होतं, ते पंजाबात दिसलं. अमृतसर जिल्ह्यातल्या अजनाळ्याच्या एका विहिरीतून 2014 मध्ये हाडांचा मोठा साठा निघाला. 2022 मध्ये हैदराबाद, लखनौ, वाराणसी आणि चंडीगडच्या शास्त्रज्ञांनी डीएनए आणि दातांच्या अभ्यासातून सांगितलं की ही माणसं पंजाबची नव्हती, गंगेच्या खोऱ्यातली होती. 1857 मध्ये मारल्या गेलेल्या शिपायांच्या हकिकतीशी ते जुळतं. प्रदेश कळला, आहार कळला, पण एकाचंही नाव कळलं नाही.

नोंद नसेल तर

आपल्या राज्यातलं उदाहरण घ्या. मे 2012 मध्ये रायगड जिल्ह्यात पेणजवळ गागोदे इथे जळालेले अवशेष सापडले. नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले, आणि तीन वर्षं काहीच झालं नाही. 2015 मध्ये शीना बोरा प्रकरण बाहेर आलं, तेव्हा कळलं की त्या वेळी ना गुन्हा नोंदला होता, ना अकस्मात मृत्यू. पोलिसांनी पुन्हा खोदकाम केलं. कलिन्याच्या प्रयोगशाळेने मिळालेल्या अवशेषांचा डीएनए आईच्या डीएनएशी जुळल्याचा अहवाल दिला. आरोपींना आरोप अमान्य आहेत आणि निकाल न्यायालय देईल, त्यावर आम्ही बोलणार नाही. पण पुढे 2024 मध्ये सरकारी पक्षाने कोर्टात सांगितलं की ती हाडं सापडत नाहीत, आणि काही आठवड्यांनी ती सीबीआयच्या दिल्लीतल्या कार्यालयात मिळाल्याचं कळवलं. शास्त्र तेच, माणसं तीच; अडलं ते नोंदीपाशी आणि मालखान्यापाशी.

आता आपल्या दारातलं बघू. 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली मध्य प्रदेशातले 16 मजूर गेले. जालन्याहून चालत निघालेली माणसं रुळावर झोपली होती. त्यांची नावं लगेच कळली, कारण सोबतचे काही जण वाचले होते. हाच मजूर एकटा असता तर? वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे बाहेरून आलेली हजारो माणसं राबतात. त्यातला एखादा गेला, तर शोधणारं घर हजार किलोमीटर लांब, तक्रार वेगळ्या राज्याच्या ठाण्यात, आणि इथे फाईलवर 'अनोळखी इसम'. दोन्ही कागद खरे असतात. ते एकमेकांना भेटत नाहीत, एवढंच.

ते भेटावेत म्हणून हरवलेल्यांच्या आणि अनोळखी मृतांच्या डीएनएची राष्ट्रीय नोंद असावी, अशी मागणी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात झाली. 2019 मध्ये डीएनए तंत्रज्ञान विधेयक लोकसभेत आलं. खासगीपणाबद्दल आक्षेप होते, आणि ते पोकळ नव्हते. संसदीय समितीने 2021 मध्ये अहवाल दिला आणि 2023 मध्ये विधेयक मागे घेतलं गेलं. विधेयक गेलं, गरज राहिली.

गरज कुणाची? मागे राहिलेल्यांची. नवरा बेपत्ता आहे अशी बाई ना सधवा, ना विधवा. विमा अडतो, पेन्शन अडतं, सातबाऱ्यावर वारसनोंद अडते. कायदा सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरू देतो, तोवर ती दारात वाट बघत राहते. एका हाडाची ओळख पटणं म्हणजे या घराला उत्तर मिळणं.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*हाडं दिसली तर आम्ही काय करायचं?*
हात लावू नका, उचलू नका, पाणी मारून धुऊ नका. खोदकाम थांबवा आणि 112 ला फोन करा. आधीच काही हललं असेल तर कुठून हललं ते पोलिसांना सांगा. फोटो काढलाच तर तो पोलिसांना द्या, ग्रुपवर टाकू नका. आपलं माणूस शोधणारं कुणीतरी तो बघत असेल.

*घरातलं कुणी बेपत्ता असेल तर?*
24 तास थांबायचा कोणताही नियम नाही, लगेच तक्रार द्या. मूल असेल तर गुन्हाच नोंदवला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केलं आहे. तक्रारीत 'रंग सावळा, बांधा मध्यम' एवढ्यावर थांबू नका. कधी हाड मोडलं होतं, शरीरात रॉड-प्लेट आहे का, कोणता दात पडला, कुठे कॅप बसवली, हे लिहून द्या. एक्स-रे आणि दाताचे कागद सांभाळा. हसताना दात दिसतील असा फोटो द्या. त्यांचा टूथब्रश, कंगवा, दाढीचं सामान धुऊ नका, कागदी पाकिटात ठेवा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अनोळखी मृतदेहांची यादी असते, ती अधूनमधून बघा. अवघड आहे ते, एकट्याने बघू नका. आणि रक्ताच्या नात्यातला नमुना द्यायची तयारी आहे, हे तपास अधिकाऱ्याला लेखी कळवून पोच घ्या.

प्रयोगशाळेतला निम्मा कागद तयार असतो. उरलेला निम्मा या तक्रारीतून येतो.