सत्र संपले, माणसे चालली



धुराडे थंड झाले, गव्हाणीत ऊस पडायचा थांबला, की शेतकी खात्याला आता सुट्टी, असा पुष्कळांचा समज आहे. पारावर आम्हाला तसे विचारणारेही भेटतात. खरे म्हणजे आमची धावपळ वैशाखातच असते. आडसालीचे बेणे कोणाकडे आहे ते पाहायचे, नांगरट झालेल्या रानांतून मातीचे नमुने गोळा करायचे, पाणी येण्याआधी निचऱ्याचे चर कोठे काढायचे ते ठरवायचे. यातच वर्षातून एकदा कृषी महाविद्यालयाची फेरी असते. यंदा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोन दिवस तेथे होतो. तेथील हालहवाल सभासदांच्या कानावर घालावी म्हणून हा मजकूर. कॉलेजात कोण आले आणि कोण गेले याचे आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. आपल्याला त्याचे बरेच काही आहे.

सत्र संपतानाचे कॉलेज म्हणजे पट्टा पडायच्या आधीचा कारखानाच. प्रात्यक्षिक परीक्षा चालू, वसतिगृहाच्या व्हरांड्यात वळकट्या बांधलेल्या, एम.एस्सी.ची मुले प्रबंधाच्या बांधलेल्या प्रती घेऊन सहीसाठी या खोलीतून त्या खोलीत. मागच्या हंगामात आपल्या तीन गावांत जे कृषिदूत मुक्कामाला होते, ती मुले भेटली. सातव्या सत्रात या मुलांना खेड्यात राहून शेतकऱ्याबरोबर काम करावे लागते, हे आपण पाहिलेच आहे. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक त्यांनीच आपल्या चावडीसमोर केले होते. आता पदवी हातात येईल आणि ती जातील. एकाने आम्हाला विचारले, “साहेब, कारखान्यात जागा आहे का?” आम्ही स्वतः पदविकेचे. पदवीधराला जागा देणारे आम्ही कोण! अर्ज करायला सांगितले, दुसरे काय करणार.

आता कॉलेजच्या लोकांविषयी. मृदाशास्त्राचे विभागप्रमुख ३१ मे रोजी निवृत्त होत आहेत. त्याच दिवशी प्रयोगशाळेतील मामाही निवृत्त होत आहेत. ३१ मेला इतकी माणसे एकदम का निवृत्त होतात, याचे उत्तर आपल्या पिढीला माहीत आहेच. शाळेत नाव घालताना बापाला जन्मतारीख आठवायची नाही, मग गुरुजी १ जून लिहून टाकायचे. आणि १ तारखेला जन्मलेला नोकर नियमाने आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. तेव्हा गुरुजींच्या त्या एका लेखणीने आज अर्धी कचेरी एकाच दिवशी रिकामी होते.

वनस्पती रोगशास्त्राच्या ज्या सरांनी आपल्या बेणे मळ्यातील गवताळ वाढीची बेटे हाताने खुणा करून उपटायला लावली होती, त्यांची दुसऱ्या केंद्रावर बदली झाली आहे. कृषिविद्या विभागात एक मॅडम नव्याने रुजू झाल्या. त्या ऊस उत्पादकाच्या घरातल्याच, खोडवा म्हणजे काय ते त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. विस्तार विभागाच्या एका सरांना पीएच.डी. मिळाली, त्यांचे अभिनंदन. ग्रंथपाल तेच आहेत आणि कारखान्याचा सभासद आला तर बसून वाचायला हरकत नाही, असे त्यांनी पुन्हा सांगितले. आपल्यापैकी किती जण गेले, हे आम्ही विचारले नाही. विचारायला लाज वाटली.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो, ती सांगतो.

नदीकाठच्या गटातील एका सभासदांनी (नाव छापू नका म्हणाले) तीन वर्षांपूर्वी आपल्या रानातील दहा गुंठे एका एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला प्रयोगासाठी दिले होते. खोडव्यात अर्ध्या वाफ्यांत पाचट जाळायचे, अर्ध्यांत सरीत ठेवून कुजवायचे, आणि दोहोंतला फरक वजनावर पाहायचा. पहिल्या खोडव्याचा ऊस वाफ्यावार तोडून वजन झाले. विद्यार्थ्याला पदवीपुरते आकडे मिळाले. पण पाचटाचा गुण एका वर्षात सगळा दिसत नाही. जमिनीतला सेंद्रिय कर्ब हळूहळू वाढतो, म्हणून दुसऱ्या खोडव्याचेही वजन करायचे ठरले होते. मधल्या काळात विद्यार्थी प्रबंध देऊन गेला. त्याचे मार्गदर्शक बदलून गेले. वाफ्यांच्या कोपऱ्यांवर रंगवलेल्या पाट्या तेवढ्या उभ्या राहिल्या.

गेल्या फेब्रुवारीत त्या रानाला तोड आली. टोळी पहाटे पाचला फडात शिरली आणि नऊपर्यंत दहा गुंठे बाकीच्या उसात मिसळून गाडीत भरले गेले. दुसऱ्या दिवशी सभासद आमच्याकडे आले. रागावले नव्हते, त्याचेच जास्त वाईट वाटले. म्हणाले, “सायेब, त्या पोराच्या पाट्या हायत अजून शेतात. पर पोरगं कुठं हाय, आन् वजन कुणी केलं?”

उत्तर आमच्याकडे नव्हते. कॉलेजला बोल लावणे सोपे होते आणि मनात तसे आलेही. पण तोडणीचा कार्यक्रम आमच्या कचेरीतून निघाला, चिठ्ठी आमची आणि टोळीही आमचीच. त्या दहा गुंठ्यांची नोंद आमच्या गट अधिकाऱ्याच्या वहीत असती, तर वाफ्यावार मोळ्या वेगळ्या ठेवून काटा करणे अर्ध्या दिवसाचे काम होते. नोंद नव्हती. प्रयोग ठाऊक असलेली माणसे तिकडची होती आणि ती गेली. दोन वर्षे एका सभासदाने त्या वाफ्यांना वेगळे पाणी दिले, वेगळे खत दिले, त्याचे उत्तर चार तासांत गव्हाणीत गेले.

उसाचे काम हे असे लांबीचे आहे. आपण ज्याला नुसते ‘शहाऐंशी’ म्हणतो तो को ८६०३२ घ्या. ‘को’ म्हणजे कोइमतूर, ८६ म्हणजे १९८६ साली त्याला क्रमांक पडला. आपल्याकडे पाडेगावच्या संशोधन केंद्रातून तो १९९६ साली प्रसारित झाला. मधली दहा वर्षे कोणीतरी दर हंगामात लागण, खोडवा, साखरेचा उतारा, काणी येते का, लोळतो का, हे वहीत लिहीत होते. फुले २६५ ची गोष्टही तशीच, को एम ०२६५ मधले ०२ म्हणजे २००२ आणि प्रसारण २००७ चे. पाडेगावचे केंद्र १९३२ पासून चालू आहे. तिथे पहिली लागण करणारे आणि आज काटा करणारे यांच्यामध्ये किती बदल्या आणि किती निवृत्त्या झाल्या असतील! तरी काम तुटले नाही, कारण जाणारा माणूस वही ठेवून गेला आणि येणाऱ्याने ती उघडली. आपल्या दहा गुंठ्यांत ती वहीच नव्हती.

म्हणून या खेपेला आम्ही मृदाशास्त्राच्या सरांकडे चहाला न बसता सरळ नोंदवह्या मागितल्या. आपल्या कार्यक्षेत्रातून गेलेल्या माती-पाण्याच्या नमुन्यांची नोंद त्यांच्याकडे गटवार, गावांच्या नावांसह आहे. सर निवृत्त झाले की या वह्या कपाटात जाणार, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे हे पुढच्या वर्षी कोणी सांगू शकणार नाही. प्राचार्यांची परवानगी घेतली. आमच्या दोन स्लिपबॉयनी दीड दिवस बसून आपल्या गावांची पाने मोबाईलवर उतरवून घेतली. ती आता ऊस विकास विभागात पाहायला मिळतील.

ती पाने चाळताना जे दिसले ते सुखाचे नाही. नदीकाठची जी राने पूर्वी नुसती भारी म्हणून लिहिलेली आहेत, त्यांच्यापुढे नंतरच्या नमुन्यात ‘चोपण’ असा शेरा आहे. काही ठिकाणी सामू साडेआठच्या वर गेला आहे. सर म्हणाले, “नुसता जिप्सम टाकून पैसे घालवू नका म्हणावं. आधी निचरा. पाणी निघून जायला वाट नसेल तर जिप्समने सुटलेला सोडियम जाणार कुठं? तिथंच बसणार.” हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून निदान दहा वेळा ऐकले असेल. अकराव्यांदा लिहून घेतले.

मामांकडे गेलो तर ते परीक्षानळ्या धूत होते. आपल्या शेतकऱ्यांनी आणलेल्या नमुन्यांविषयी या माणसाइतके कोणालाच माहीत नसेल. पिशवी उघडल्याबरोबर माती युरियाच्या पोत्यातून आली की नाही हे ते सांगत. खताच्या पोत्यातली माती म्हणजे खोटा अहवाल, आणि खोट्या अहवालावर घातलेले खत म्हणजे खोटा खर्च. “साहेब, तुमची मंडळी बांधावरची माती आणतात,” ते म्हणाले. “बांधावर, झाडाखाली, खताच्या ढिगाजवळ, गोठ्यापुढं, इथली माती घेऊ नका म्हणावं. एकरातनं दहा-बारा जागी इंग्रजी व्हीसारखा वीतभर खड्डा घ्या, कडेची माती खरवडा, सावलीत वाळवा, मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, परत मिसळा, असं अर्धा किलो राहीस्तोवर. कापडी पिशवी. आत चिठ्ठी. एवढंच.”

निवृत्तीनंतर काय करणार असे विचारले. म्हणाले, “घरी दीड एकर आहे. स्वतःची माती एकदाही तपासली नाही हो!” आणि खळखळून हसले. आम्ही त्यांच्या रानातला नमुना आपल्या नमुन्यांबरोबरच आणायला सांगितले आहे.

रोगशास्त्राच्या सरांना आम्ही बदलीच्या गावी फोन केला. बेणे मळ्यात कोणत्या ओळीत गवताळ वाढ सापडली होती ते त्यांनी आठवून सांगितले, ते लिहून गट अधिकाऱ्याकडे दिले आहे. नव्या मॅडमना त्या दहा गुंठ्यांची हकीकत सांगितली. त्या ऐकून घेऊन गप्प बसल्या, मग म्हणाल्या की ते रान पुन्हा मिळेल का ते विचारून बघा. आम्ही सभासदांच्या घरी गेलो. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. शेवटी म्हणाले, “देतो. पर या वक्ताला वही माझ्याजवळ राहील.”

ते मान्य केले आहे. वही त्यांच्याकडे, तिची नक्कल आमच्या कचेरीत आणि तिसरी प्रत कॉलेजात राहील. तोडीच्या कार्यक्रमात त्या गटापुढे तांबड्या शाईने खूण केली जाईल. ज्या इतर सभासदांच्या रानात कॉलेजचा किंवा कोणाचाही प्रयोग चालू आहे, त्यांनी पाट्या उभ्या आहेत तोवर गट कार्यालयात येऊन नोंद करावी.

आडसालीसाठी मातीचे नमुने २० मेपर्यंत गट कार्यालयात पोचवावेत. जीप २१ तारखेला सकाळी कॉलेजकडे जाईल. मामा ३१ पर्यंत प्रयोगशाळेत आहेत. पोत्यातली माती आणू नये.

— ऊस विकास विभाग